नऊ नंबरची नळी

उबाळे मॅडमनी पहिल्या दिवशी मला हात धुवायला लावले. मी धुऊन आलो. त्यांनी माझे पंजे उलटेसुलटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "आता परत धुवा, भाऊसाहेब." मी परत धुतले. मग त्यांनी काचेची एक कोरी पट्टी पुढं केली, तिच्यावर माझं बोट टेकवायला लावलं, आणि ती पट्टी मायक्रोस्कोपखाली सरकवून मला डोळा लावायला सांगितलं. माझ्या बोटाच्या रेषा नांगरलेल्या वावरासारख्या उमटल्या होत्या आणि सऱ्यांमधून तेलाचे थेंब चमकत होते.

"हे दोनदा धुतलेले हात," त्या म्हणाल्या. "या तेलावर थर बसत नाही. बसल्यासारखा दिसतो आणि मग कधीतरी सुटतो. म्हणून हातमोजे. आणि मोजे घातल्यावर नाक खाजवायचं नाही."

त्यांनी असं म्हटल्याबरोबर माझं नाक खाजायला लागलं. ते त्यांनी ओळखलं, पण हसल्या नाहीत. मोज्यांचा नवा जोड काढून टेबलावर ठेवला.

नगरच्या एमआयडीसीत आमचा छोटासा कारखाना होता. ड्रिल, डाय, लेथवरची हत्यारं अशा वस्तूंवर कठीण धातूचा पातळ थर चढवून द्यायचं काम. कपाटाएवढ्या पोलादी पेटीत वस्तू टांगायच्या, पेटीतली हवा पंपानं ओढून काढायची आणि मग आत धातूची वाफ करून ती वस्तूंवर बसू द्यायची. पेटी मी चालवायचो. पेटीतून निघालेला प्रत्येक नग मॅडमच्या टेबलावर जायचा. त्यांनी पास म्हटलं तर तो गिऱ्हाइकाकडं, नाहीतर परत माझ्याकडं.

मी लागलो तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढं होत्या. किडकिडीत बांधा, सुती साडी, तिच्यावर पांढरा कोट. कोटाच्या खिशात दोन पेनं, कारण एक बंद पडू शकतं. ख्रिश्चन कॉलनीत दोन खोल्यांत थोरल्या बहिणीबरोबर राहायच्या. सकाळी आल्यावर वॉचमनपासून साहेबांपर्यंत सगळ्यांना "सलाम" म्हणायच्या आणि तडक टेबलाशी जायच्या. घराला कुलूप लावल्यावर त्या ते तीनदा ओढून बघतात, आणि कधीकधी कोपऱ्यापर्यंत येऊन चौथ्यांदा बघायला परत जातात, ही गोष्ट कारखान्यात सगळ्यांना माहीत होती, कारण ती त्यांनी स्वतःच सांगितली होती. उशीर झाला तर त्या कारण लपवायच्या नाहीत. "कुलूप," एवढंच म्हणायच्या.

त्यांचा एक प्रश्न मात्र आम्हा सगळ्यांच्या डोक्यात बसला होता. पंपाचं तेल पुरेसं आहे म्हटलं, मागच्या दाराची कडी लावलीय म्हटलं, चहात साखर घातलीय म्हटलं, की मॅडम मान वर करून विचारायच्या, "बघितलंय का मानलंय?" बहुतेक वेळा मानलेलंच असायचं. मग उठून बघून यावं लागायचं.

एका दसऱ्याला आमच्या बबनरावांनी यंत्राची पूजा केली. बबनराव शेवगावकडचे, वयानं मॅडमच्याच बरोबरीचे. नग धुण्याचं आणि टांगण्याचं काम करायचे. पेटीला हार घातला, नारळ फोडला आणि भक्तिभावानं पेटीच्या दाराच्या रबरी कड्यावर हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली. मॅडम हात जोडून मागं उभ्या होत्या. आरती संपेपर्यंत हलल्या नाहीत, पण त्यांची नजर त्या पाच बोटांवरून निघाली नव्हती. प्रसाद घेतला, बबनरावांना म्हणाल्या, "पूजा फार छान झाली." मग पदर खोचून बसल्या आणि संध्याकाळपर्यंत सुती कापडानं ते कडं पुसत राहिल्या. बबनराव ओशाळून शेजारी बसले.

"मॅडम, देवाचं कुकू हाय ते."

"देवाचंच आहे हो. पण आत गेलं तर थरात बसेल. पुढच्या वर्षी पत्र्यावर लावा, बाहेरून. मी जागा दाखवते."

आणि पुढच्या वर्षी खरंच खडूनं चौकोन आखून दिला.

अशा माणसाच्या टेबलावर एक दिवस पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून खोकं आलं. आत मऊ फोममध्ये बसवलेल्या बारा नळ्या. प्रत्येक नळी वीतभर लांब, करंगळीएवढी जाड, टोकाला बारीक कोरलेला नंबर. झिरकोनियम धातूच्या. निमसे साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना जवळ बोलावून सांगितलं की अणुभट्टीत इंधन ज्या नळ्यांत भरतात त्या धातूचे हे तुकडे आहेत. त्यांच्यावर क्रोमियमचा थर चढवून द्यायचा. जमलं तर पुढं मोठं काम मिळेल.

नळ्या रिकाम्या होत्या. इंधनाचा वारासुद्धा त्यांना लागलेला नव्हता. पण चहाच्या टपरीवर पोहोचेपर्यंत "अणूचे पाईप आलेत" अशी बातमी झाली, आणि दुसऱ्या दिवशी बबनराव कामावर आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. फोन बायकोनं उचलला आणि काही न बोलता ठेवून दिला.

मॅडम माझ्या मोटरसायकलवर मागं बसून बबनरावांच्या घरी आल्या. दारातच त्यांच्या बायको शेवंताबाई उभ्या. पाणी दिलं, पण चेहरा घट्ट.

"म्या न्हाई पाठवनार त्यास्नी," शेवंताबाई म्हणाल्या. "पोरी हायेत लग्नाच्या. कापडं आनून ह्याच घरात टाकत्यात."

मॅडमनी वाद घातला नाही. इकडंतिकडं पाहिलं. फळीवर पितळेचं जुनं पातेलं होतं. "याला कल्हई कधी केली होती?"

"लई वर्सं झाली. आता कल्हईवाला येतोय कुठं?"

"आणि कल्हई नसताना यात ताक ठेवलं तर?"

"कळकंल की."

"बरोबर. तसंच ते आहे. भट्टीत नळीच्या आत इंधन असतं आणि बाहेरून उकळत्या पाण्याहून कितीतरी गरम पाणी वाहतं. त्या पाण्यानं नळी हळूहळू खराब होते. ती होऊ नये म्हणून आम्ही वरून थर देतोय. आमच्याकडं नुसतं रिकामं पातेलं आलंय, शेवंताबाई. त्यात कुणी काही शिजवलेलं नाही."

शेवंताबाईंचा चेहरा जरा सैल झाला. "म्हंजी कल्हईच म्हना की."

"कल्हईच."

बबनराव आतल्या खोलीतून बाहेर आले. सगळं मिटलं असं वाटून मी उठलो. तेवढ्यात शेवंताबाईंनी विचारलं, "आन तिथं भट्टीत कल्हई उडली तर वो?"

मॅडमनी हातातलं भांडं खाली ठेवलं. खोटं सांगून वेळ मारून नेणं त्यांना जमलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "रोजच्या चालण्यात लगेच काही होत नाही. पण समजा कधी पाणी बंद पडलं आणि नुसती वाफ उरली, तर ती वाफ उघडा धातू भराभर खाते. त्यातून आणखी उष्णता होते, पेट घेणारा वायू होतो. थर चांगला असेल तर हे सगळं सावकाश होतं. माणसांना थोडा वेळ मिळतो."

"किती येळ?"

"थोडा. पण तेवढ्यात पाणी परत सोडता येतं." मग म्हणाल्या, "उडली तर काय, हीच मला काळजी असते. म्हणून बबनराव पाहिजेत मला. त्यांच्यासारखं नग धुणारं दुसरं कुणी नाही."

बबनराव दुसऱ्या दिवशी आले. पण परत येताना मोटरसायकलवर मॅडम माझ्या पाठीमागून दोनदा म्हणाल्या, "काय नेमकं विचारलं बाईनं."

त्यानंतर त्यांचं जेवण कमी झालं. डबा उघडायच्या, दोन घास खायच्या आणि झाकायच्या. केसाच्या जाडीचा सातवा-आठवा हिस्सा, एवढाच तो थर. आत धुळीचा एक कण राहिला तर त्या जागी बारीक छिद्र राहणार, आणि त्या छिद्रातून वाफ आत शिरली की भोवतालचा थर पोखरून उचलणार. त्यांनी पेटी माझ्याकडून तीन वेळा पुसून घेतली. सरावासाठी आधी स्टीलच्या नळ्यांवर थर चढवला, मग खऱ्या नळ्या लावल्या. काचेच्या खिडकीतून आतला जांभळट उजेड दिसत असताना त्या हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. मी खुर्ची दिली तर बसायच्या नाहीत.

नळ्या निघाल्या तेव्हा नव्या ताटासारख्या लखलखत होत्या. निमसे साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मॅडम म्हणाल्या, "अजून बघायच्यात."

पाठवायच्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेची गाडी दारात येऊन उभी राहिली. मॅडमची शेवटची तपासणी चालू होती. आमच्याकडं एकाच डोळ्यानं बघायचा जुना मायक्रोस्कोप होता. त्याखाली नळी हळूहळू फिरवत टोकापासून टोकापर्यंत बघायची आणि रजिस्टरात नंबरापुढं खूण करायची. मध्येच वीज गेली. जनरेटर होता तो फक्त पेटीसाठी. पंधरा-वीस मिनिटं मॅडम अंधारलेल्या खोलीत तशाच बसून राहिल्या, बाहेर ड्रायव्हर दोनदा हॉर्न वाजवून गेला. वीज आली, काम पुरं झालं. बारा खुणा, खाली सही. खोकं बंद झालं आणि गाडी गेली.

दुसऱ्या दिवशी मी गेटवर पोहोचलो तर मॅडम माझ्या आधी येऊन उभ्या होत्या. सलाम नाही, काही नाही. "भाऊसाहेब, नऊ नंबर मी पाहिली का?"

"रजिस्टरात खूण असेल ना, मॅडम."

"आहे. माझीच आहे. पण वीज गेली तेव्हा नऊ नंबर माझ्या हातात होती. वीज आली तेव्हा मी दहा उचलली. मधलं मला आठवत नाही. मी खूण आधी करते का नंतर?"

इतकी वर्षं शेजारी काम करून मला ते सांगता येईना. मग त्यांनी मला आत नेलं. बारा ड्रिल ओळीनं मांडली आणि कालच्यासारखीच एकेक मायक्रोस्कोपखाली फिरवायला लागल्या. नववं हातात घेतल्यावर म्हणाल्या, "आता लाईट घालवा." मी बटण बंद केलं. त्या अंधारात बसल्या, हातात ड्रिल धरून. खूप वेळानं म्हणाल्या, "लावा." लावला. त्यांनी आपल्या हाताकडं पाहिलं, रजिस्टराकडं पाहिलं. "परत," म्हणाल्या. तिसऱ्यांदा लाईट घालवला तेव्हा निमसे साहेब दारात आले.

सगळं ऐकून घेतल्यावर साहेब सौम्यपणे म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. घराचं कुलूपसुद्धा तुम्ही तीनदा बघता. ते लागलेलंच असतं ना?"

"कुलूप माझ्या घराचं आहे, साहेब. चोरी झाली तर माझी होईल."

"नळी चांगलीच असणार. बाकीच्या अकरा चांगल्या आहेत."

"असेल. पण मी ते मानतेय."

साहेबांचा आवाज बदलला. "प्रयोगशाळेला काय सांगू? आमच्या बाईंना काय तपासलं तेच आठवत नाही म्हणून? परत कोण विचारेल आपल्याला? अकरा माणसं आहेत इथं कामाला."

"माहीत आहे."

"आणि या नळ्या काही भट्टीत जाणार नाहीत. नुसती चाचणी आहे."

"त्या चाचणीवर विसंबूनच पुढं कुणीतरी खऱ्या भट्टीत नळी घालणार ना?" मॅडम म्हणाल्या. त्यांनी हात कोटाच्या खिशात घातले. "सोमवारी चाचणी सुरू होतेय. जायचं तर आजच जायला हवं."

साहेब खिडकीकडं वळले. माझ्याकडं न बघता म्हणाले, "भाऊसाहेब, यांच्याबरोबर जा. एकट्या नको."

पुण्याच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. सुपं आल्यावर म्हणाल्या, "ते हसतील का हो?"

"हसले तर बरंच होईल, मॅडम. म्हणजे काही नसेल."

त्यावर त्यांनी मान हलवली. शिरूर गेल्यावर पुन्हा बोलल्या. "मी गप्प बसले असते तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच नाही."

"हो ना," म्हणाल्या आणि पदरानं कपाळ पुसलं. बाहेर ऊन होतं, पण गाडीला वारा होता. घाम कशाचा ते मला कळलं.

प्रयोगशाळेत एक तिशीतल्या शास्त्रज्ञ बाई भेटल्या. मॅडमनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, वीज गेल्यापासून. काही वगळलं नाही. त्या बाई हसल्या नाहीत. "एवढ्यासाठी तुम्ही नगरहून आलात?" एवढंच म्हणाल्या आणि खोकं घेऊन आल्या.

मॅडमनी मोजे घातले. त्यांच्याकडचा मायक्रोस्कोप दोन्ही डोळ्यांनी बघायचा होता, पण मॅडमनी सवयीनं डावा डोळा मिटला आणि उजवा लावला. नऊ नंबरची नळी टोकापासून टोकापर्यंत फिरवली. मग त्या बाईंनीही पाहिली. नळी निर्मळ होती. कुठं ठिपका नाही, ओरखडा नाही. मॅडम खुर्चीत मागं टेकल्या. सकाळपासून पहिल्यांदाच त्यांनी पूर्ण श्वास घेतला असेल.

"आलाच आहात तर सगळ्याच बघून घेऊ," बाई म्हणाल्या. "माझीही खात्री होईल."

एक, दोन, तीन साफ निघाल्या. चौथीवर बाई थांबल्या. नळी किंचित मागं-पुढं केली, पुन्हा थांबल्या. "मॅडम, जरा हे बघता? मधोमध आहे."

मॅडम वाकल्या. "मधोमध काही नाही."

"काळा ठिपका आहे. नीट बघा."

"नाही हो. साफ आहे."

बाईंनी मला बोलावलं. मी डोळे लावले. लखलखीत पांढऱ्या थरात बरोब्बर मधोमध खसखशीएवढा काळा ठिपका होता, आणि त्याला चिकटून आणखी एक बारका. न दिसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मी मान वर केली तर मॅडम माझ्या तोंडाकडं बघत होत्या.

"आहे?"

"आहे, मॅडम."

बाईंनी नळी थोडी सरकवली. मॅडम परत वाकल्या. "आता दिसला. कडेला, पुसट." बाईंनी तो मधे आणला. "गेला," मॅडम म्हणाल्या. मग नळी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि अगदी हळू सरकवत राहिल्या. दिसला. गेला. दिसला. गेला. शेवटी त्या सरळ बसल्या, डावा डोळा हातानं झाकला आणि समोरच्या भिंतीकडं पाहिलं.

"घड्याळ दिसतंय," त्या म्हणाल्या. "काटे दिसत नाहीत."

चौथ्या नंबरापुढंही त्यांची खूण होती. ती नळी त्यांनी पाहिली होती, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती. ज्या नळीची धास्ती घेऊन आलो ती धडधाकट निघाली, आणि जिच्याबद्दल निर्धास्त होतो ती चाचणीत गेली असती तर त्या ठिपक्यापाशी फुगून आली असती. मग दोष पद्धतीचा, का धातूचा, का धुण्याचा, यात प्रयोगशाळेचे कितीतरी महिने गेले असते. बाईंनी ते समजावून सांगितलं, ओरडून नाही. सगळ्या नळ्या परत घेऊन जा आणि आम्ही कळवेपर्यंत थांबा, म्हणाल्या.

परतीच्या गाडीत मी डोळ्यांच्या डॉक्टरांचं काढलं. मॅडमनी ऐकलंच नाही. त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. "कधीपासून?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. "गेल्या पावसाळ्यात चर्चमधल्या गाण्याच्या पुस्तकातल्या ओळी वाकड्या दिसत होत्या. चष्म्याचा नंबर बदलला असेल असं मी मानलं, भाऊसाहेब. मी." मग माझा हात घट्ट धरला. असं त्यांनी आधी कधी केलं नव्हतं. "त्यानंतर मी काय काय पास केलंय?"

हाच प्रश्न घेऊन पुढचे तीन आठवडे आम्ही काढले. प्रत्येक कामातला एक नग नमुना म्हणून कपाटात ठेवायची आमच्याकडं पद्धत होती. मॅडमनी ते सगळे बाहेर काढले. मी डोळा लावायचो, त्या शेजारी बसून विचारायच्या. पावसाळ्याच्या आधीचे सगळे साफ निघाले. नंतरच्यांत तीन नग सापडले, दोन ड्रिल आणि एक डाय. प्रत्येक सापडला की त्या गिऱ्हाइकाचं नाव लिहून घ्यायच्या. तिन्ही गिऱ्हाइकांना पत्रं लिहिली. निमसे साहेब भडकले. "आता गावभर पत्रिका वाटा आपल्या चुकांच्या!" म्हणाले, पत्रं टेबलावर आपटली, आणि दुपारी गुपचूप तिन्हींवर सह्या करून पाठवून दिली. एका गिऱ्हाइकानं आमच्याकडं येणं सोडलं. दुसऱ्यानं डाय परत पाठवला. तिसऱ्याचं काहीच उत्तर आलं नाही, आणि त्या न आलेल्या उत्तराची काळजी मॅडमना सगळ्यात जास्त होती.

डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याचा पडदा मधोमध खराब झालाय. इंजेक्शनं सुरू झाली. उजव्याचं गेलेलं परत येणार नव्हतं, डाव्याचं आहे ते टिकवायचं होतं. आणि काही महिन्यांत डावाही त्याच वाटेला लागला.

त्या काळात प्रयोगशाळेचं पत्र आलं. साहेबांनी ते तपासणीच्या खोलीत आणून मॅडमच्या पुढ्यात ठेवलं आणि त्या वाचतील म्हणून उभे राहिले. मॅडमनी कागद उचलला, जवळ नेला, तिरपा केला. साहेबांच्या एकदम लक्षात आलं. त्यांनी तो हळूच काढून घेतला आणि घसा खाकरून मोठ्यानं वाचला. नव्या बारा नळ्या पाठवत आहोत. प्रत्येक नळी दोन माणसांनी तपासावी. झाल्या प्रकाराची माहिती स्वतःहून आणून दिली म्हणून हे काम तुमच्याकडंच ठेवत आहोत.

बबनराव दारात ऐकत उभे होते. "म्हंजी ऱ्हायलं म्हना काम!"

मॅडम हसल्या नाहीत. "आता दोन माणसं कुठली आणायची?" म्हणाल्या.

एक मी झालो, दुसरे स्वतः निमसे साहेब. आम्हाला बघायला शिकवलं मॅडमनी. मायक्रोस्कोपखाली काय दिसतंय ते सगळं तोंडानं बोलायला लावायच्या. "डावीकडं?" "साफ." "साफ म्हणजे काय? काय दिसतंय ते सांगा." मग मी सांगायचो, बारीक उभ्या रेषा आहेत, एक गोल फुगीर थेंब आहे, त्याची कड बंद आहे. "थेंबाच्या कडेला सावली?" "नाही." "नळी फिरवा आणि परत बघा." बाराही नळ्यांना सहा दिवस लागले. सहाव्या दिवशी माझे डोळे चुरचुरत होते आणि मला झोपेतही पांढरे थर दिसत होते. मॅडम म्हणाल्या, "आता तुम्हालाही काळजी वाटायला लागली ना?" आणि पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात समाधान ऐकलं.

त्या नळ्या पुढं चाचणीत टिकल्या. वाफेतून निघाल्या तेव्हा काळपट पडल्या होत्या, पण थर कुठंही उचलला नव्हता. तसं पत्र आलं तेव्हा मॅडम आमच्याकडं नव्हत्या. दोघी बहिणी पुणतांब्याला भाच्याकडं राहायला गेल्या होत्या. मी फोन करून पत्र वाचून दाखवलं. ऐकून म्हणाल्या, "टोकांपाशी बघितलं का त्यांनी?"

पण मला मॅडम आठवतात त्या, या नव्या नळ्या पाठवल्या त्या दिवशीच्या. तो त्यांचा कामाचा शेवटचा दिवस होता, हे आम्हाला माहीत होतं. दुपारचं कडक ऊन. प्रयोगशाळेची पांढरी गाडी आली, खोकं मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलं. मॅडमनी पट्टा हातानं ओढून पाहिला, ड्रायव्हरला खड्ड्यांबद्दल सांगितलं आणि गाडीच्या मागं मागं चालत रस्त्यापर्यंत आल्या. आम्ही तिघं त्यांच्या मागं. गाडी डावीकडं वळली आणि पुण्याच्या दिशेनं निघून गेली. त्याच वेळी समोरच्या गल्लीतून कांद्यानं भरलेला एक पांढरा टेम्पो बाहेर पडला आणि उजवीकडं, मनमाडच्या रस्त्याला लागला.

मॅडमनी हात वर केला तो टेम्पोकडं बघून.

बबनरावांनी तोंड उघडलं. मी त्यांचा दंड दाबला. निमसे साहेब खाली बघत राहिले.

"नीट चालवतोय ना हो?" मॅडमनी मान न वळवता विचारलं.

"नीट चालवतोय, मॅडम," मी म्हणालो.

टेम्पो गचके खात चालला होता, मागून दोन-चार कांदे रस्त्यावर घरंगळले. तो नाक्याच्या वळणाआड जाईपर्यंत त्या हात वर धरून उन्हात तशाच उभ्या होत्या.